आधी खोली, मग खोकी

हाय-फाय, म्हणजे घरची गाणी ऐकायची यंत्रणा, सुधारायची म्हटलं की बहुतेकांचा पहिला हात अँप्लिफायरकडे जातो. ५० वॉटचा काढून १०० वॉटचा आणला की आवाज दुप्पट, असा सरळ हिशेब असतो. तो चुकतो. वॉट दुप्पट केले की पदरात पडतात जेमतेम ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. उलट ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (तेवढ्याच वॉटवर स्पीकर किती मोठ्यानं वाजतो ते माप) स्पीकरच्या जागी ८९ चा आणलात, तर तेच ३ डेसिबल जुन्या अँप्लिफायरवरच मिळतात. म्हणून स्पीकर आधी. फक्त इंपीडन्स, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, बघा. माहितीपत्रकात ८ ओहम छापलेलं असलं तरी काही स्पीकर मधेच ३-४ ओहमपर्यंत उतरतात. तिथे अँप्लिफायरचा दम संपतो, सिग्नल क्लिप होतो, म्हणजे त्याची टोकं छाटली जातात, आणि बळी जातो तो बहुधा ट्वीटरचा, वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरचा.

पण स्पीकर बदलण्याच्याही आधी ते सरकवून बघा. हे फुकट आहे, म्हणूनच बहुधा कुणी करत नाही. स्पीकरपासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर मीटरमध्ये मोजा, त्याला ४ ने गुणा आणि ३४३ ला त्या संख्येनं भागा. ६० सेंटिमीटरला उत्तर येतं १४३ हर्ट्झ. त्याच्या आसपास भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजाला खातो आणि खड्डा पडतो, म्हणजे तेवढे सूर दबतात. बाजूची भिंतही तितक्याच अंतरावर असेल तर दोन खड्डे एकावर एक येतात. तेव्हा ही दोन अंतरं कधीही सारखी ठेवू नका.

दुसरा प्रश्न तुमच्या खुर्चीचा. ४.३ मीटर लांबीच्या खोलीत लांबीच्या दिशेनं ४० हर्ट्झला आवाज घुमतो. खोलीच्या बरोबर मधोमध बसलात तर तो सूर जवळजवळ गायब, मागच्या भिंतीला टेकलात तर अंगावर येणारा. खुर्ची अर्धा मीटर पुढेमागे केली की बेस इतका बदलतो, की नवा वूफर (खालचे सूर वाजवणारा स्पीकर) घ्यायचा विचार बाजूला पडावा. गालिचा आणि पातळ फोम इथे कुचकामी आहेत, ते फक्त वरचे सूर शोषतात. इक्वलायझरनं (निवडक सूर कमीजास्त करायचं साधन) घुमणाऱ्या सुराचा फुगवटा जरूर कापा, पण खड्डा भरायला जाऊ नका. १० डेसिबल चढवले की त्या जागी दहापट वॉट लागतात आणि खड्डा बऱ्याचदा तसाच राहतो.

आता नव्या-जुन्याची तुलना. दुकानात असो वा घरी, जो किंचित मोठ्यानं वाजतो तोच चांगला वाटतो, इथे भलेभले फसतात. १०० हर्ट्झचा सूर लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि टोकं स्पीकरच्या टर्मिनलवर टेकवा, एकमेकांना चिकटू न देता. जुन्या अँप्लिफायरवर १.०० व्होल्ट येईल इतका आवाज ठेवा, नव्यावरही तेवढेच आणा. एक टक्क्याची चूक म्हणजे ०.१ डेसिबलहूनही कमी, ती चालेल. दहा टक्क्यांची म्हणजे ०.८ डेसिबल, तिथे निकाल बाद. असं केल्यावर चांगल्या बनावटीच्या दोन डॅकमधला (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारी खोकी) फरक बहुतेक वेळा शोधूनही सापडत नाही.

रेकॉर्ड प्लेअरवाल्यांचं गणित वेगळं. सुई बसवलेल्या कार्ट्रिजचे दोन प्रकार, एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) आणि एमसी (मूव्हिंग कॉइल). एमएम कार्ट्रिज सुमारे ५ मिलिव्होल्ट देतं, त्याला ४० डेसिबल वाढवणारा फोनो स्टेज, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा छोटा अँप्लिफायर, पुरतो. एमसी बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्या आतबाहेर, त्याला ६० च्या आसपास हवेत. फोनो स्टेज न बघता एमसी घेतलं की आवाज दबका आणि सोबत घरघर.

जुने स्पीकर घेताना आधी कोनच्या (स्पीकरचा हलणारा पडदा) कडेचा फोम बघा. हात लावताच भुगा होत असेल तर तो बदलायचा खर्च धरूनच बोला. मग दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून तो हलकेच आत दाबा. खरखर ऐकू आली तर व्हॉइस कॉइल, कोनला हलवणारी तारेची गुंडाळी, घासतेय, तो स्पीकर सोडा.

राहता राहिली केबल. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, ३ मीटर लांब, जाऊन-येऊन रोध सुमारे ०.०७ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हा एक टक्कासुद्धा नाही. टोकं घट्ट बसवा, प्लस-मायनस दोन्ही बाजूंना तपासा. एका बाजूला उलटं लागलं तर बेस पातळ होतो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरतो.