अनारशावरची खसखस आणि एजंटचे कागद

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘आखातात नोकरीसाठी जाणाऱ्यांनी घ्यावयाची काळजी’ असा छापला आहे. खेड, दापोली, चिपळूण या भागात हा विषय परका नाही. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या घरांत तरी दुबईचे ब्लँकेट असेल. मी स्वतः तिकडे एका बांधकाम कंपनीत एकोणीस वर्षे टाइमकीपर होतो आणि नव्याने उतरलेल्या कितीतरी मुलांच्या बॅगा आणि फायली माझ्यासमोर उघडल्या गेल्या. त्यावरून माझे एक मत झाले आहे, ते आधीच सांगून टाकतो, कारण मी विषयांतर करतो अशी माझी ख्याती आहे. आपल्याकडे जाणाऱ्याची बॅग आई भरते, कागद एजंट भरतो आणि जाणारा मात्र या दोहोंपैकी काहीही उघडून पाहत नाही.

आधी बॅगेविषयी. १९९७ च्या दिवाळीनंतर मी रजा संपवून परत निघालो तेव्हा शेजारच्या काकूंनी शारजाला असलेल्या मुलासाठी एक स्टीलचा डबा दिला. डबा फडक्यात बांधून वर सुतळी आवळलेली होती आणि तो उघडून पाहणे म्हणजे काकूंवर अविश्वास दाखवणे, अशी माझी तेव्हाची समजूत होती. सहार विमानतळावर वजन चार किलो जास्त भरले, म्हणून मी तेथेच जमिनीवर बसून बॅग उपसली. डब्यात एकवीस अनारसे होते आणि त्यांखाली, वाटणासाठी म्हणून, पाव किलो खसखशीची पुडी होती. रांगेत माझ्यामागे एक वयस्क मल्याळी ड्रायव्हर उभे होते. पुडी पाहताच ते खाली वाकले आणि हळूच म्हणाले, की ही तिकडे अंमली पदार्थांत मोडते. मी हसलो. खसखस आपण बाळंतिणीला खिरीतून देतो, असे मी त्यांना ऐकवलेदेखील. त्यावर त्यांनी एवढेच विचारले, की बॅग तुमची आणि पुडी दुसऱ्याची, हे तिथल्या पोलिसांना तुम्ही कोणत्या भाषेत सांगणार?

पुडी कचरापेटीत गेली. प्रश्न अनारशांचा होता, कारण ज्यांनी अनारसे केले आहेत त्यांना ठाऊक आहे की तळल्यावर खसखस खरवडून निघत नाही. शेवटी मी, ते ड्रायव्हर आणि दोन हमाल अशा चौघांनी मिळून एकवीस अनारसे तिथेच संपवले. त्यानंतर मी प्रसाधनगृहात जाऊन शर्टाचे खिसे उलटे करून झटकले, कारण तोवर माझी पुरती घाबरगुंडी उडाली होती. काकू पुढे प्रत्येक भेटीत विचारत, “अनारसे जमले होते ना रे?” मी मनापासून सांगत असे, की अप्रतिम जमले होते. त्यांच्या मुलालाही मी फोन करून या कटात सामील करून घेतले होते.

हा विनोद विमान सुटण्यापूर्वी घडला म्हणून विनोद राहिला. संयुक्त अरब अमिरात आणि सौदी अरेबिया या दोन्ही देशांत खसखशीवर बंदी आहे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांवरही तिथे कडक निर्बंध आहेत. म्हणून औषध न्यायचेच असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी, त्या देशाच्या आरोग्य खात्याची पूर्वपरवानगी लागते का ते पाहावे आणि दुसऱ्याचा डबा, तो सख्ख्या मावशीचा असला तरी, सुतळी सोडून पाहिल्याशिवाय नेऊ नये.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि मुख्य विषय, म्हणजे कागद, अजून फाईलमध्येच आहेत. भरभर सांगतो.

दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’, म्हणजे ‘नोकरीसाठी परदेशी जाण्यापूर्वी तपासणी आवश्यक’, अशी नोंद असते. त्याला आखातासह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारची परवानगी घ्यावी लागते. ती चुकवण्यासाठी एजंट मुलाला टुरिस्ट व्हिसावर पाठवतो आणि ‘तिथे गेल्यावर बदलून घेऊ’ असे सांगतो. तो बदलला नाही, तर मुलगा तिथे बेकायदा ठरतो आणि आपल्या सरकारदरबारी तो कामगार म्हणून गेलेलाच नसतो. एजंटचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. त्याला घेता येणारी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढीच आहे. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत दहा लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. पाव किलो काजूपेक्षा फार महाग नाही.

पासपोर्ट मालकाकडे ठेवू नये. १९६७ च्या कायद्यानुसार तो भारत सरकारच्या मालकीचा असतो, कफीलच्या, म्हणजे तिथे नोकरीला ठेवणाऱ्या मालकाच्या, नव्हे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवले, तेव्हा कितीतरी भारतीयांचे पासपोर्ट मालकांच्या तिजोऱ्यांत अडकले होते. पुढे जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे सुमारे १,७०,००० माणसे परत आणली गेली खरी. पण हाती कागद नसलेल्या माणसाला आधी आपण भारतीय आहोत हेच सिद्ध करावे लागते. म्हणून पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच दूतावासात नाव नोंदवावे, पासपोर्ट, व्हिसा आणि करार यांच्या झेरॉक्स घरी ठेवाव्यात आणि दूतावासाचा फोन नंबर केवळ मोबाइलमध्ये न ठेवता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहावा. पगार अडला किंवा माणूस तुरुंगात गेला, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या पोर्टलवर घरच्यांनाही तक्रार करता येते.

दुसरी चिठ्ठी आली. ज्यांचा मुलगा या महिन्यात निघणार आहे त्यांनी चहा घेऊन इथेच थांबावे. कराराची प्रत आणली असेल तर आपण ती शेवटच्या पानापर्यंत एकत्र वाचू. चष्मा मी आणला आहे.