काळ्या समुद्रातला काटकसरी जीवाणू

[दृश्य: नकाशा. बॉस्फरसची सामुद्रधुनी, मग काळा समुद्र]

डॅन्यूबसारख्या नद्यांचं हलकं पाणी वर राहतं. बॉस्फरसमधून आत घुसणारं खारट, जड पाणी तळाला बसतं. दोन्ही नीट मिसळत नाहीत, म्हणून साधारण ऐंशी ते दीडशे मीटरखाली प्राणवायू नसतो; असतो तो हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्यांच्या वासाचा. लाकूड पोखरणारे जीवही तिथे टिकत नाहीत. बल्गेरियाच्या किनाऱ्याजवळ दोन किलोमीटर खोल सापडलेलं सुमारे 2400 वर्षांपूर्वीचं ग्रीक जहाज डोलकाठीसकट शाबूत राहिलं, ते त्यामुळेच. जहाजावर माहितीपट पुष्कळ झाले. आपण थांबणार आहोत वाटेतच, ऐंशी-शंभर मीटरवर.

[दृश्य: निळं पाणी हळूहळू काळं होतं]

1988 साली ‘नॉर’ या अमेरिकी संशोधन जहाजाच्या मोहिमेत इथून हरित गंधक जीवाणू हाती लागले. गटाचं नाव हरित, पण हे दिसायला तपकिरी. पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरून ते प्रकाशसंश्लेषण करतात, आणि मागे प्राणवायू नव्हे, गंधक उरतं.

पण प्रकाश आहे कुठे? भर दुपारच्या उन्हातले दहा लाखांत एक-दोन कण इथवर पोचतात, हिवाळ्यात त्याहूनही कमी. हरितद्रव्याच्या एकट्यादुकट्या रेणूला प्रकाशाच्या एका कणासाठी तासन्‌तास ताटकळावं लागेल.

[दृश्य: पेशीच्या आतल्या कडेला चिकटलेल्या चपट्या पिशव्या, ॲनिमेशन]

म्हणून रेणू एकटा नसतोच. पेशीच्या पडद्याला आतून चिकटलेल्या या पिशव्यांना क्लोरोसोम म्हणतात. एकेकीत दोन लाखांच्या आसपास रेणू. झाडांच्या पानांत हरितद्रव्याचे रेणू प्रथिनांच्या चौकटीत बसवलेले असतात. इथे ते एकमेकांना धरून आपले आपणच रचले जातात. प्रथिनं बनवायला ऊर्जा लागते. तो खर्च इथे वाचला. पागोळीखाली वाटी धरण्याऐवजी अख्ख्या छपराचं पाणी एका पन्हळीतून हंड्यात सोडावं, तशी दोन लाख रेणूंनी टिपलेली ऊर्जा मोजक्या अभिक्रिया केंद्रांकडे, म्हणजे प्रकाशाची ऊर्जा रासायनिक ऊर्जेत बदलणाऱ्या जागांकडे, वळते.

इतक्या खोल पोचतो तो निळा-हिरवा प्रकाश. तो टिपायला आयसोरेनिएरॅटीन हे रंगद्रव्य असतं, आणि तपकिरी रंग आला त्यातूनच.

[दृश्य: न्यूझीलंडमधला गरम पाण्याचा झरा]

याच गटातला, झऱ्यात राहणारा एक भाईबंद अंधुक प्रकाशात हरितद्रव्याच्या रेणूवर जादा मिथाइल गट, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचे छोटे तुकडे, चढवतो. ते चढवणारी जनुकं बंद केली, तर मंद उजेडात त्याची वाढ रेंगाळते.

[दृश्य: पुन्हा काळा समुद्र]

तरी मला यातली खरी कमाल छपराची वाटत नाही. छप्पर कितीही मोठं केलं, तरी थेंबच कमी पडत असतील तर काय? काळ्या समुद्रातल्या या जीवाणूचा नुसतं जिवंत राहण्याचा खर्चच विलक्षण कमी आहे. पेशीची डागडुजी चालू राहते आणि वर जे चिमूटभर उरतं त्यावर वाढ होते. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रकाशाच्या मोजमापावरून या पेशींच्या दुप्पट होण्याचा काळ काढला आहे. आपल्या आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. याला लागतात किमान तीन वर्षं. प्रकाश फारच कमी असेल, तर सव्वीस.