आधी यजमान लावा

कासची फुलं घरी उगवायची तर बी आधी फ्रीजमध्ये ठेवावं का, असं तुम्ही विचारलंत. तुमच्यापैकी अनेकांनी चंदन लावलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. चंदनाच्या रोपाशेजारी तूर टोकायला का सांगतात? चंदनाची मुळं तुरीच्या मुळांना चिकटतात आणि पाणी, क्षार तिथून ओढून घेतात. पानं हिरवी, अन्न स्वतः बनवतं, पण मुळांना यजमान लागतोच. याला अर्धपरजीवी म्हणायचं. कासच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, पावसाळा सरता सरता गवतातून डोकावणारी गुलाबी दुधाळी अशीच आहे.

दुधाळीच्याच कुळातला टारफुला, ज्वारीच्या मुळांवर जगणारं तण, जत-माणकडच्या ज्वारीवाल्यांना सांगायला नको. त्याचं बी जेमतेम पाव मिलिमीटरचं, चिमटीत धरलं तर धूळच वाटते. एवढ्याशा बियात साठा तो किती असणार? यजमान मिळाला नाही तर कोंब आठवडाभरात मरतो. म्हणून हे बी घाई करत नाही, वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं. ज्वारीच्या मुळातून एक रसायन पाझरलं की मगच रुजतं. अशा रसायनांपैकी पहिलं १९६६ मध्ये कापसाच्या मुळांतून मिळालं. मुळं ते सोडतात कशाला, हे मात्र २००५ मध्ये उमगलं: मातीतल्या उपकारक बुरशीला बोलावण्यासाठी! टारफुला ती हाक मधल्यामध्ये ऐकतो. मला तर हे फार विलक्षण वाटतं.

आता फ्रीजमध्ये बी ठेवण्याचा प्रश्न. ती रीत बर्फाच्या प्रदेशातल्या फुलांची, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या कॅस्टिलेजाची; तेही अर्धपरजीवीच. तिथं शरदात पडलेलं बी लगेच उगवलं तर कडाक्याच्या थंडीत मरेल. म्हणून ओल्या थंडीत काही आठवडे गेल्याशिवाय ते जागं होत नाही. त्या काळात बियातलं उगवण रोखणारं द्रव्य घटतं. हाच हिवाळा माणसं फ्रीजमध्ये घडवतात. भिंगाखाली पाहिलं तर या बियावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. हे बी ओलसर, निथळलेल्या वाळूत मिसळून, पिशवीत बंद करून साधारण चार अंश तापमानाला दीड-दोन महिने ठेवायचं. बर्फाच्या कप्प्यात नाही, खाली. वाळू चिखलासारखी झाली तर बी कुजतं. अधूनमधून पिशवी उजेडात धरून बघायचं. पांढरं टोक दिसलं की बाहेर काढायचं. पेरताना वर माती ओढायची नाही, नुसतं दाबायचं. गवताचं लहान रोप त्याच कुंडीत आधीपासून हवं, आणि कुंडी बदलताना दोघांना कधीही वेगळं करायचं नाही. जुळलेली मुळं तुटली की रोप मान टाकतं.

मग कासच्या फुलांसाठी फ्रीज वापरायचा का? नाही. सड्यावर बर्फ कधी पडतो? तिथल्या बियाचं वर्ष पावसाचं आणि रखरखीत उन्हाळ्याचं. उसनी रीत इथं चालणार नाही. आणि कासवरून बी आणायचंच नाही. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून तो सडा आहे. तिथल्या मुठभर बियामागे पुढच्या वर्षीची फुलं असतात.

तुमच्या स्वतःच्या डोंगरउतारावर, माळावर दुधाळी असेल तर तिला कुंडीत आणायच्या भानगडीत पडू नका. तिचं गवत राखा. कापणी बी झडेपर्यंत लांबवा, माळ पेटवू नका, तणनाशक तिकडं नेऊ नका.