मागणाऱ्या मशीनचं काय?

(दृश्य: रावेर. केळी व्यापाऱ्याचं ऑफिस. बाहेर ट्रक भरतोय.)

ट्रक काट्यावरून उतरला की काटापट्टी आत येते. खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर वजन चढतं आणि केबिनमध्ये शेठ तीच फाइल उघडून बिल काढतात. फोल्डर शेअर केलेलं आहे, बस्स.

विंडोजमध्ये हे काम एसएमबी प्रोटोकॉलचं, म्हणजे मशीनांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या नियमांचं. फाइल देणारं मशीन सर्व्हर, मागणारं क्लायंट. काळजी सगळी देणाऱ्याची: पासवर्ड त्याला, यूपीएस त्याला, दसऱ्याचा हारही त्यालाच.

मार्च 2020 मध्ये विंडोज 10 च्या 1903 आणि 1909 या आवृत्त्यांत जी खोट सापडली, ती मात्र दोन्ही बाजूंना होती. नाव पडलं एसएमबीघोस्ट.

(दृश्य: स्क्रीनवर पॅकेटची आकृती.)

चूक बेरजेची. एसएमबी 3.1.1 मध्ये डेटा कॉम्प्रेस करून पाठवता येतो. अशा पॅकेटच्या, म्हणजे डेटाच्या पुडक्याच्या, सुरुवातीला इतर माहितीसोबत दोन आकडे असतात: उलगडल्यावर डेटा किती होईल आणि कॉम्प्रेस केलेला भाग कुठून सुरू होतो. दोन्ही 32 बिटांचे. त्यांची बेरीज करायची, तेवढी मेमरी राखायची. पण बेरीज 4,29,49,67,295 च्या पुढे गेली की जुन्या ट्रकच्या किलोमीटर मीटरसारखी पुन्हा शून्यावर. मग जागा राखली जाते इवलीशी आणि डेटा येतो भरमसाट. तो शेजारच्या मेमरीवर चढतो, आणि ही मेमरी थेट कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची.

सर्व्हरला नुसतं पॅकेट पाठवलं तरी पुरे. क्लायंटला आधी फसव्या सर्व्हरपर्यंत न्यावं लागतं. त्यात फार अवघड काय? ‘आजचे केळी भाव’ नावाचा शॉर्टकट मेलवर आला, तर कोण थांबणार आहे?

10 मार्चला बातमी फुटली तेव्हा पॅच, म्हणजे खोट दुरुस्त करणारं अपडेट, नव्हता. मायक्रोसॉफ्टनं रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमधून, सर्व्हरचं कॉम्प्रेशन बंद करायला सांगितलं आणि सोबत लिहिलं की यानं क्लायंटचा बचाव होत नाही. ही ओळ किती जणांनी वाचली असेल, शंकाच आहे. पॅच आला 12 मार्चला, केबी4551762; दोन आठवड्यांच्या आत देशभर लॉकडाउन लागला.

(दृश्य: स्क्रीनवर रीस्टार्टची सूचना.)

“भाऊ, ट्रक उभा आहे. संध्याकाळी बघू.”

ट्रक तर रोजच उभा असतो. तोवर निदान राउटरवर बाहेर जाणारा 445 पोर्ट, म्हणजे एसएमबीची वाट, बंद करून घ्यावा. खिडकीपासून केबिनपर्यंतचं शेअरिंग त्यानं अडत नाही. ते ऑफिसाबाहेर जातच नाही.