मतं होती, मतदान होऊ दिलं नाही: अमेरिकेचं २०१३चं शटडाऊन

नमस्कार मंडळी. अमेरिकेत सरकार बंद पडलं की आपल्याकडे एकच बातमी येते, 'दोन्ही पक्षांत एकमत न झाल्याने कामकाज ठप्प'. हे वाक्य मला खटकतं. कारण १ ऑक्टोबर २०१३ला जे शटडाऊन सुरू झालं, त्यात एकमत व्हायचं फारसं काही उरलंच नव्हतं. मी रिपब्लिकन पक्षाची समर्थक नाही, हे आधीच सांगून टाकते. पण माझा खरा राग आहे तो एका ठरावावर. त्याच्याकडे येतेच.

आधी हे शटडाऊन होतं कसं ते बघू. आपल्याकडे अर्थसंकल्प वेळेत मंजूर होणार नसेल तर लेखानुदान घेतात. आणि खर्चाच्या मागणीवर लोकसभेत सरकार हरलंच, तर सरकार जातं. तिकडे राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो, काँग्रेस म्हणजे त्यांची संसद वेगळी. तिची दोन सभागृहं, सिनेट आणि प्रतिनिधीगृह. काँग्रेसनं पैसे अडवले तरी राष्ट्राध्यक्ष घरी जात नाही. घरी जातात ते कर्मचारी, कारण ३० सप्टेंबरला आर्थिक वर्ष संपतं आणि मंजुरीशिवाय खर्च करायला कायद्यानं बंदी आहे.

२०१३ मध्ये सिनेटमध्ये ओबामांच्या डेमोक्रॅट्सचं बहुमत होतं, प्रतिनिधीगृहात रिपब्लिकनांचं. कट्टर उजव्या रिपब्लिकनांची मागणी होती, ओबामाकेअरचा, म्हणजे ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याचा, पैसा बंद करा, तरच सरकार चालू ठेवू. नाक दाबलं की तोंड उघडतं, हा हिशेब. पण तो कायदा २०१० मध्ये मंजूर झाला होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला होता, आणि त्याच वर्षी ओबामा पुन्हा निवडून आले होते. शिवाय त्या योजनेचा बराचसा पैसा वार्षिक मंजुरीवर अवलंबूनच नव्हता. म्हणजे सरकार बंद पाडूनही ती थांबणार नव्हती. थांबलीही नाही. विम्याची सरकारी वेबसाइट त्याच १ ऑक्टोबरला सुरू झाली.

रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ ओबामाकेअरविरुद्ध सिनेटमध्ये २१ तास उभे राहून बोलले. भाषण संपलं त्याच दिवशी खर्चाचं विधेयक चर्चेला घ्यायचं की नाही यावर मतदान झालं, १०० विरुद्ध ०. क्रूझ यांचं मतही त्या शंभरातच होतं.

आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. सिनेटनं पाठवलेल्या विधेयकात खर्चाची पातळी होती ९८६ अब्ज डॉलर. हा आकडा डेमोक्रॅट्सना नको होता. तो रिपब्लिकनांना हवा असलेला, कपातीनंतरचा आकडा होता. पैशाच्या मुद्द्यावर समोरच्यानं आधीच माघार घेतली होती हो!

आता तो ठराव.

[स्क्रीनवर: हाऊस रिझोल्यूशन ३६८]

प्रतिनिधीगृहाचा एक जुना नियम आहे. दोन सभागृहांत मतभेद कायम राहिले, तर कुणीही सदस्य उठून म्हणू शकतो की सिनेटचं विधेयक मतदानाला घ्या. शटडाऊन सुरू झालं त्याच रात्री रिपब्लिकन बहुमतानं ठराव करून हा हक्क फक्त बहुमत पक्षाच्या नेत्याकडे ठेवला. म्हणजे एरिक कँटर, किंवा ते ज्याला सांगतील तो.

१२ ऑक्टोबरला मेरीलँडचे ख्रिस व्हॅन हॉलेन सभागृहात उभे राहिले आणि त्यांनी तोच जुना हक्क मागितला. पीठासीन होते रिपब्लिकन जेसन चाफेट्झ. व्हॅन हॉलेन पुन्हा पुन्हा विचारत होते, नियम बदललाय का? चाफेट्झ त्या ठरावाकडे बोट दाखवत होते. ते चित्रीकरण बघा. कायदा माहीत नसला तरी कळतं काय चाललंय ते.

का केलं असेल? कारण मतं जमत होती. डेमोक्रॅट्स २०० होते. 'ओबामाकेअरची अट नसलेलं सरळ विधेयक आणा, आम्ही मत देतो' असं उघडपणे सांगणारे वीसहून अधिक रिपब्लिकन होते. बहुमताला २१७ पुरेशी होती. पण सभापती जॉन बेनर यांना स्वतःच्या पक्षातल्या कट्टर गटाची धास्ती होती, आणि त्यांनी मतदानच घेतलं नाही. मला क्रूझपेक्षा बेनरांचा जास्त राग येतो. त्यांना कळत होतं.

इकडे साधारण आठ लाख कर्मचारी सक्तीच्या रजेवर. बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत दर आठवड्याला सुमारे दोनशे नवे रुग्ण चाचणी-उपचारांसाठी दाखल व्हायचे, त्यांतली तीसेक मुलं. बहुतेकांना थांबायला सांगितलं. आपल्या लोकांनाही झळ बसली. एच-वन-बीसाठी, म्हणजे तिकडच्या नोकरीच्या व्हिसासाठी, आधी कामगार खात्याची मंजुरी लागते, ते खातंच बंद. व्हिसाचं कार्यालय फीवर चालतं म्हणून उघडं होतं, पण हा कागद नसेल तर तिथे जाऊन करणार काय?

५ ऑक्टोबरला याच प्रतिनिधीगृहानं ४०७ विरुद्ध ० मतांनी ठरवलं की घरी बसवलेल्यांना मागाहून पूर्ण पगार द्यायचा. पगार देणार, पण कामावर येऊ देणार नाही! आणि कंत्राटदाराकडून आलेले सफाईवाले, कँटीनवाले? त्यांचा त्या विधेयकात उल्लेखही नव्हता.

१६ ऑक्टोबरला रात्री प्रतिनिधीगृहात सरकार पुन्हा सुरू करायच्या विधेयकावर शेवटी मतदान झालं. २८५ विरुद्ध १४४. विरोधातले सगळेच्या सगळे १४४ रिपब्लिकन होते. ओबामाकेअर जवळजवळ जसंच्या तसं राहिलं. उलट पहिल्याच दिवशी कोलमडलेली ती वेबसाइट शटडाऊनच्या बातम्यांखाली झाकली गेली. हात दाखवून अवलक्षण!

तुम्ही म्हणाल, २०२५ मध्ये ४३ दिवस बंद होतं, तेव्हा सिनेटमध्ये डेमोक्रॅट्सनी मतं रोखली होती. खरं आहे, आणि त्याची झळही सामान्य माणसालाच बसली. पण तिथे विधेयक पुन्हा पुन्हा मतदानाला आलं. कुणी कुठे मत दिलं ते लोकांना दिसलं. २०१३ मध्ये तेवढंही होऊ दिलं नाही.

आणि मतदारांनी शिक्षा केली का? नाही. २०१४ मध्ये रिपब्लिकनांनी सिनेटच्या ९ जागा जास्तीच्या जिंकल्या. डिसेंबर २०१८ मध्ये सीमेवरच्या भिंतीसाठी पुन्हा सरकार बंद पडलं, या वेळी ३५ दिवस.

२०१३च्या त्या ऑक्टोबरमध्ये तुमचा किंवा घरातल्या कुणाचा एच-वन-बीचा अर्ज अडकला होता का? पुढे नोकरीचं काय झालं, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. मी वाचते.