मणी आणि दोरा : ‘रिको’ खटल्याचा बचाव

जाहीर केलेला विषय बचावाच्या पायऱ्यांचा आहे, तिकडे येतोच. पण आधी दोऱ्याबद्दल, म्हणजे सुट्या गुन्ह्यांचे मणी एकत्र ओवणाऱ्या धाग्याबद्दल, बोलू द्या, कारण बचाव पक्षाचा पाय घसरतो तो तिथेच.

इथल्या वकील मंडळींना मकोका पाठ आहे. त्यात दहा वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं लागतात आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते. अमेरिकेच्या १९७०च्या रिको या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात तसं नाही. यादीतल्या गुन्ह्यांपैकी दहा वर्षांच्या आतली दोन कृत्यं लागतात, मग त्यांवर पूर्वी खटला झालेला नसला तरी चालतं. म्हणून वकील एकेका मण्याशी झुंजत बसतो: ही खंडणी घेतलीच नाही, ती फसवणूक नव्हतीच. ज्युरीला दहापैकी दोन मणी पटले, की एवढी सगळी मेहनत वाया जाते.

मण्यांतून दोरा गेलाय का, हे कुणी विचारायचं? ‘एच. जे. इन्कॉर्पोरेटेड’ खटल्यात १९८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन कृत्यं ही किमान अट आहे, तेवढ्यावर भागतंच असं नाही. कृत्यांचा परस्परसंबंध हवा आणि सातत्य हवं. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आटोपलेला, पुढे चालू राहण्याची भीती नसलेला प्रकार सातत्यात बसत नाही. तेव्हा आरोपपत्र हाती आलं की आधी तारखांचा तक्ता करा.

दोऱ्याचं दुसरं टोक म्हणजे ‘एंटरप्राइज’, ज्या टोळीच्या किंवा संस्थेच्या कारभारातून गुन्हे घडतात ती. ‘आमच्यात ना म्होरक्या, ना नियम’ हा बचाव २००९च्या ‘बॉइल’ निकालानंतर चालत नाही. समान हेतू, आपसांतले संबंध आणि तो हेतू साधण्याइतका काळ, एवढं पुरतं. पहिल्या दोन कसोट्या तर आपण या सभागृहातच पार केल्यात! ‘रीव्ह्ज’चा १९९३चा निकाल मात्र जपून ठेवा: कारभार चालवण्यात भाग हवा, बाहेरून हिशेब तपासून दिले एवढ्याने भागत नाही. पण सोबत कटाचं कलम असलं तर ही ढाल तोकडी पडते. १९९७च्या ‘सलिनास’नुसार दोन्ही कृत्यं स्वतः करावी लागत नाहीत, योजनेला संमती पुरते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा पायऱ्या भराभर सांगतो.

न्यायालयात आरोप वाचून दाखवल्यापासून १४ दिवसांत आरोपांचा तपशील मागा. मुदत हुकली तर न्यायालयाची परवानगी लागते. खटला वेगळा चालवण्याचा अर्ज द्या. सहआरोपीच्या कबुलीत तुमच्या अशिलाचं नाव असेल, तर एकत्र खटल्यात अशी कबुली ज्युरीपुढे आणण्यास मनाई करणाऱ्या १९६८च्या ‘ब्रुटन’ निकालाचा आधार घ्या. मकोकाच्या कलम १८खाली पोलीस अधीक्षकासमोरची कबुली सहआरोपीविरुद्धही चालते, ती सवय इथे सोडा. मालमत्ता गोठवली असेल तर निष्कलंक, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेला, पैसा शोधा. २०१६च्या ‘लुइस’मुळे वकिलाच्या वाजवी फीसाठी तो मोकळा राहतो. कटातून बाहेर पडलो होतो, हे सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर आहे. दूर झाल्याचे पुरावे, निरोप, तारखा आत्ताच गोळा करा. सरकार पक्षाचा पुरावा संपताच अमेरिकेच्या संघीय फौजदारी प्रक्रिया नियमांतल्या नियम २९खाली निर्दोष मुक्ततेचा अर्ज द्या आणि त्यात सातत्याचा मुद्दा स्वतंत्र मांडा. शेवटी, प्रत्येक कृत्यावर ज्युरीने वेगळी नोंद करावी, असा निकालाचा नमुना मागा. तो मागितला नाही, तर नेमके कोणते दोन मणी पटले हे अपिलात कळायला मार्ग राहत नाही.