तेलाचा थेंब, दोन क्षेत्रं आणि फ्लेचर

एका इलेक्ट्रॉनवर किती प्रभार, म्हणजे विजेचा भार असतो, हे मोजायचा हा प्रयोग. काळ्या पडद्यावर हे जे ठिपके चमकतायत ते तेलाचे थेंब आहेत. बाजूने लाईट मारलाय म्हणून दिसतायत, उन्हाच्या कवडशात धूळ दिसते ना तसे. एकेक एवढा बारीक की एका मिलिमीटरात पाचशे रांगेत उभे राहतील.

आता उजवीकडचा तो एक पकडून ठेवा, तो वर चाललाय. म्हणजे दिसतोय वर चाललेला, मायक्रोस्कोपमध्ये चित्र उलटं दिसतं, खरं तर तो पडतोय. फुटेज आम्ही मुद्दाम सरळ केलं नाही, प्रॅक्टिकलला पोरं जे बघतात तेच ठेवलंय.

आणि किती सावकाश पडतोय बघा, एक मिलिमीटरला जवळपास १० सेकंद. पृथ्वीचं गुरुत्वीय क्षेत्र खाली ओढतंय, हवा अडवतेय, थेंब इतका हलका की दोघांची बरोबरी क्षणात होते आणि मग वेग बदलतच नाही. सगळा खेळ या वेगावर आहे. एवढ्याशा थेंबाला पट्टी लावता येत नाही पण स्टॉपवॉच लावता येतं, आणि वेग कळला की स्टोक्सच्या नियमाने, म्हणजे पडायचा वेग आणि आकार जोडणाऱ्या सूत्राने, त्रिज्या निघते, त्रिज्येवरून वजन.

हा हात नॉबवर गेला. वर एक प्लेट, खाली एक प्लेट, मध्ये ६ मिलिमीटरची फट, वरची पॉझिटिव्ह. व्होल्टेज वाढवत न्यायचं, १००, २००, थेंबाचा वेग कमी होतोय, अजून थोडं, २७०... थांबला!

हा शॉट आम्ही कापलेला नाही, बघत रहा.

२७० व्होल्ट भागिले ६ मिलिमीटर म्हणजे मीटरला ४५,००० व्होल्टचं विद्युत क्षेत्र. थेंबाचं वस्तुमान किती याच्याशी या क्षेत्राला काही देणंघेणं नाही, त्याला फक्त प्रभार कळतो, आणि तेल फवारताना घर्षणामुळे थेंबावर जास्तीचे इलेक्ट्रॉन बसलेले असतात. या थेंबाचा हिशोब केला तर ते निघतात पाच. खाली ओढायला अख्खी पृथ्वी आणि वर धरून ठेवायला पाच इलेक्ट्रॉन, आणि मॅच बरोबरीत!

आता हे बघा, नॉबला कोणी हात लावलेला नाही तरी थेंब झटकन निघाला. हवेतला एखादा आयन, म्हणजे प्रभार असलेला कण, येऊन चिकटला, प्रभार बदलला. असे बदल मोजत बसलं की कळतं, प्रभार नेहमी ठरावीक पायरीनेच बदलतो, अर्धी पायरी कधीच येत नाही. ही एक पायरी म्हणजेच एका इलेक्ट्रॉनचा प्रभार.

हे सगळं पहिल्यांदा झालं शिकागो विद्यापीठाच्या रायरसन लॅबमध्ये, १९०९ मध्ये. तिथलं शूटिंग आमच्याकडे नाही, हा जुना फोटो आहे. रॉबर्ट मिलिकन आधी पाण्याचे थेंब वापरायचे, पण ते बघता बघता वाफ होऊन उडून जायचे. त्यांच्याकडे हार्वे फ्लेचर नावाचा पीएचडीचा विद्यार्थी आला. फ्लेचरने लिहून ठेवलंय की तो बाजारात गेला, अत्तर फवारायचा ॲटमायझर आणि घड्याळात घालायचं तेल घेऊन आला, हाताशी असलेल्या सामानातून प्लेटा आणि दिवा जुळवला आणि पहिल्याच दिवशी थेंब नाचताना दिसले. तेलाची आयडिया आपली असं मिलिकन नंतर म्हणाले. कोणाची का असेना, ॲटमायझर दाबत आणि वेळा टिपत फ्लेचर तिथे होता एवढं नक्की.

मग पेपर लिहायची वेळ आली आणि मिलिकन स्वतः फ्लेचरच्या घरी गेले. पीएचडीला विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावाचा पेपर लागायचा. ठरलं असं की हवेतल्या ब्राउनियन गतीचा, म्हणजे रेणूंच्या धक्क्यांनी बारीक कण इकडेतिकडे हलतात त्याचा, पेपर एकट्या फ्लेचरचा आणि इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचा एकट्या मिलिकनचा. १९१० चा तो पेपर काढून बघितला तर आत मजकुरात फ्लेचर आहे, वर लेखकाच्या जागी नाही.

पुढचं पटकन सांगतो. १९२३ चं नोबेल मिलिकनना मिळालं, कामगिरीत फोटोइलेक्ट्रिक परिणामाचाही (प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन निघतात त्याचा) उल्लेख होता. त्यांनी १९१३ मध्ये दिलेला प्रभाराचा आकडा आजच्यापेक्षा साधारण ०.६ टक्क्याने कमी होता कारण हवेच्या श्यानतेची, म्हणजे हवा किती अडवते त्याची, किंमतच थोडी चुकलेली होती. २०१९ पासून तो १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९ वा घात कूलोम (प्रभाराचं एकक) असा कायमचा ठरवून टाकलाय, त्यात आता मोजायचं काही राहिलेलं नाही.

आणि फ्लेचर बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेत गेला, ऐकू येणं, कान, स्टीरिओ आवाज यावर आयुष्यभर काम केलं आणि त्यात मोठं नाव कमावलं. पेपरांची ही हकिगत त्याने लिहून मित्राकडे दिली होती, मी गेल्यावरच छापा असं सांगून. १९८१ ला तो गेला, १९८२ ला ती छापून आली.